वाटसरूंची राखण

येत्या 10 सप्टेंबरला एका विमान अपहरणाला 50 वर्षे पूर्ण होतील. दिल्लीच्या पालम विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग 737 विमान 1976 साली त्या दिवशी सहा जणांनी ताब्यात घेतले आणि लाहोरला नेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी अपहरणकर्त्यांना गुंगीचे औषध देऊन पकडले आणि प्रवासी सुखरूप मायदेशी परतले. आणीबाणीचा काळ होता. कोणाचा जीव गेला नाही, पुढे याहून भयंकर घटना घडल्या, आणि ते अपहरण लोकांच्या आठवणीतून पार पुसले गेले. सरकारी दप्तरात मात्र त्याची खूण राहिली. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी 1978 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी एक वेगळा कक्ष उघडला गेला. आज नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, म्हणजेच ‘बीकॅस’, या नावाने जी यंत्रणा देशातल्या प्रत्येक विमानतळाच्या आणि विमानाच्या सुरक्षेचे नियम ठरवते, तिचा उगम तिथे आहे.

याच आठवड्यात दुसरी एक आठवण येते. 5 सप्टेंबर 1986 रोजी मुंबईहून कराचीमार्गे न्यूयॉर्कला निघालेले पॅन ॲमचे विमान कराचीच्या विमानतळावर चौघा बंदूकधाऱ्यांनी ताब्यात घेतले. वीसहून अधिक माणसे मारली गेली. प्रवाशांना वाचवताना त्या विमानातली हवाई सुंदरी नीरजा भनोत गेली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आला होता तिचा. त्या घटनेलाही यंदा 40 वर्षे होत आहेत. एका आठवड्यात पडणाऱ्या या दोन तारखांच्या निमित्ताने आपल्या वाटेचे रक्षण कोण करते, कसे करते आणि त्या रक्षणकर्त्यांचे आपण काय करतो, हे इंदूरच्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

इंदूरला हा विषय परका नाही. बिजासन टेकडीजवळची जागा होळकर दरबाराने टाटांच्या नेव्हिल विन्सेंट यांच्या सल्ल्याने विमानतळासाठी निवडली, ती 1935 च्या सुमारास. जुलै 1948 मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईची विमाने सुटू लागली आणि 1950 मध्ये विमानतळ भारत सरकारकडे गेला. 15 जुलै 2019 रोजी इथून पहिले विमान थेट दुबईला उडाले. आता वर्षाला तीस लाखांहून अधिक माणसे या दारातून जातात-येतात. रामबाग, नारायणबाग, सुदामानगर, कुठल्याही मराठी वस्तीत जा, घरातले एक लेकरू पुण्याला, दुसरे बंगळुरूला आणि आजी-आजोबा दोघांकडे आळीपाळीने, असा संसार दिसेल. ज्यांनी उभ्या हयातीत एसटी आणि मीटरगेज सोडून काही पाहिले नव्हते, ती माणसे सत्तरीत विमानात बसू लागली आहेत. त्यांना त्या दारापाशी काय होते आणि का होते, हे कोणी नीट समजावून सांगितलेले नसते.

आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की विमानतळाची सुरक्षा म्हणजे खाकी वर्दीतले सीआयएसएफचे जवान. ते खरे, पण अर्धेच. जवान दारावर उभे असतात. दार कुठे असावे, त्यातून कोणी कोणत्या पासवर आत जावे, बॅगेत काय चालते, क्ष-किरण यंत्रासमोर कोणाला बसवायचे, त्याने कोणती परीक्षा द्यायची, जेवणाची गाडी विमानापर्यंत कशी न्यायची, मालाचे खोके कोणी तपासायचे, हे सगळे बीकॅस ठरवते आणि ते पाळले जाते की नाही हेही तपासते. मूळचा तो लहानसा कक्ष 1 एप्रिल 1987 रोजी स्वतंत्र विभाग झाला. सीआयएसएफ विमानतळांवर आले ते त्याहून उशिरा. डिसेंबर 1999 मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी 814 कंदाहारला नेले गेले, देशाला तीन अतिरेकी सोडावे लागले, आणि मग 3 फेब्रुवारी 2000 रोजी जयपूरपासून ही जबाबदारी राज्य पोलिसांकडून सीआयएसएफकडे यायला सुरुवात झाली.

या सगळ्या तारखा एकापुढे एक ठेवल्या की मन अस्वस्थ होते. 1976 ला अपहरण, 1978 ला कक्ष. 1985 ला ‘कनिष्क’ विमानातला स्फोट, 1987 ला स्वतंत्र विभाग. 1999 ला कंदाहार, 2000 ला सीआयएसएफ. आधी माणसांनी किंमत मोजायची आणि मग राज्याने एक पाऊल पुढे टाकायचे. हे आपल्याच देशात घडते असे नाही. जगभरातला विमान सुरक्षेचा इतिहास असाच लिहिला गेला आहे. पण म्हणून तो तसाच चालू द्यावा, हे आम्हाला मान्य नाही. आणि या घटना नीट उकलून पाहिल्या तर प्रत्येक ठिकाणी भगदाड पडले ते यंत्रात कमी आणि माणसांच्या साखळीत जास्त.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट आधी सांगतो. 1955 साली बांडुंगच्या परिषदेसाठी चीनच्या शिष्टमंडळाने एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान भाड्याने घेतले होते. कॅप्टन होते दामोदर काशिनाथ जटार. विमानाची देखभाल करणारे अभियंते अनंत कर्णिकही सोबत होते. 11 एप्रिलला विमान हाँगकाँगला थांबले, इंधन घेतले आणि जकार्ताकडे निघाले. पंतप्रधान चौ एन लाय त्यात असतील अशी मारेकऱ्यांची अटकळ होती. ते त्यात नव्हते. दक्षिण चीन समुद्रावर सुमारे 18 हजार फुटांवर स्फोट झाला. पेटलेले विमान कॅप्टन जटारांनी पाण्यापर्यंत आणले. विमानातली 19 पैकी 16 माणसे गेली, त्यांत जटार आणि हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि कर्णिक हे तिघे तासन्‌तास पोहत एका बेटाला लागले. कर्णिकांनी पुढे या साऱ्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहिली.

बाँब ठेवला कोणी? हाँगकाँगच्या विमानतळावर विमानांची साफसफाई करणाऱ्या एका कामगाराने. चाकाच्या पोकळीपाशी त्याने ठरल्या वेळी फुटणारे छोटे यंत्र लपवले. तो कोणाच्या नजरेत खुपला नाही, कारण विमानाला हात लावणे हे त्याचे रोजचे कामच होते. विमानाला धोका असल्याची सूचना चिनी बाजूने हाँगकाँगच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना आदल्याच दिवशी दिली होती. प्रवाशांकडे लक्ष गेले, फडके मारणाऱ्याकडे गेले नाही. मोठ्या रकमेचे आमिष दाखवून त्याला फोडण्यात आले होते, आणि काम झाल्यावर तो तैवानला पसार झाला.

तीस वर्षांनी, 22 जून 1985 रोजी कॅनडातल्या व्हँकूवर विमानतळावर जे घडले, ते याहूनही साधे होते. सीपी एअरच्या काउंटरवर एक प्रवासी आला. टोरांटोपर्यंतची त्याची जागा पक्की होती, पुढची दिल्लीची प्रतीक्षा यादीवर होती. बॅग मात्र थेट दिल्लीपर्यंत टाका, असा त्याचा हट्ट. काउंटरवरच्या बाईंनी आधी नकार दिला, तो नियमाला धरून होता. तो वाद घालू लागला, भावाला बोलावतो म्हणाला. मागे रांग खोळंबली होती. अखेर बाईंनी बॅगेला दिल्लीची चिठ्ठी लावली. बॅग गेली, तो विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते, म्हणून हातातल्या एका उपकरणाने बॅगा हुंगवल्या गेल्या. ते वाजले की काय करायचे हे वापरणाऱ्यांना धड शिकवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर एअर इंडियाचे ‘कनिष्क’ फुटले आणि 329 माणसे समुद्रात गेली. त्याच कटातली दुसरी बॅग जपानच्या नारिता विमानतळावर फुटली, तिथे सामान चढवणारे दोन कामगार ठार झाले.

त्या काउंटरवरच्या बाईंना दोष देण्याची आमची मुळीच इच्छा नाही. मागे रांग ताटकळत असताना, वरिष्ठ कोणी शेजारी नसताना, समोरचा माणूस आवाज चढवत असताना ‘नाही’ वर ठाम राहणे किती कठीण असते, हे कुठल्याही बँकेच्या किंवा तहसील कचेरीच्या खिडकीपाशी बसलेल्या माणसाला विचारा. प्रश्न असा की त्या ‘नाही’ला पाठबळ द्यायला मागे कोण उभे होते. ‘कनिष्क’नंतर सगळ्या जगाने शिकलेला धडा असा, की जो प्रवासी चढला नाही त्याची बॅग उतरवायची, उशीर झाला तरी बेहत्तर. आपल्याकडे कित्येक वर्षे विमानाच्या पोटाशी सगळ्या बॅगा ओळीने मांडून ठेवत आणि प्रत्येक प्रवाशाने जाऊन आपली बॅग बोटाने दाखवल्याखेरीज ती आत चढत नसे. उन्हातान्हात ती ओळख पटवणारी जुनी माणसे अजून आपल्या घरांत आहेत.

कराचीचे हल्लेखोर तर विमानतळाच्या सुरक्षा रक्षकांच्याच गणवेशात, सायरन लावलेल्या गाडीतून थेट विमानापाशी आले. वर्दी पाहून कोणी अडवले नाही.

सफाईवाला, काउंटरवरची कर्मचारी आणि वर्दी. तिन्ही प्रसंग वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या कारणांनी घडले. पण तिन्हींत विमान वाचणे न वाचणे हे साखळीतल्या सगळ्यात खालच्या कडीपाशी असलेल्या माणसाच्या हाती होते. म्हणून आमचे म्हणणे असे की या देशाला विमान सुरक्षा हवी असेल तर आधी ती कडी सांभाळली पाहिजे: तिचे प्रशिक्षण, तिचा पगार, तिची नोकरीची शाश्वती, आणि ‘नाही’ म्हणताना तिला वाटणारा भरवसा. यंत्रे हवीत, ती येतही आहेत. पण यंत्राने दाखवलेले पाहायला माणूसच लागतो.

क्ष-किरण यंत्रापाशी बसलेल्या त्या माणसाचे काम क्षणभर जवळून पाहू. पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात, धातू निळे, आणि मिसळण हिरवट. कपडे, कागद, खाण्याच्या वस्तू, सगळे नारिंगी छटांत. स्फोटकेही बहुतेक सेंद्रियच, म्हणून तीही नारिंगी. आता इंदूरच्या माणसाची बॅग डोळ्यांपुढे आणा. पुण्याच्या लेकीसाठी किलो-दोन किलो शेव, गजकचे डबे, मावाबाटीचा डबा, आईने केलेले लाडू. पडद्यावर दाट, एकसंध नारिंगी ठोकळे उमटतात. अशा बॅगा एकामागून एक सरकत असतात आणि त्या माणसाला दरवेळी काही सेकंदांत ठरवायचे असते: हे लाडूच आहेत ना? तो बॅग बाजूला काढून ‘उघडा’ म्हणतो, तेव्हा आपल्याला राग येतो. मिठाईचा डबा उघडावा लागला म्हणून मोठ्या आवाजात बोलणारे सभ्य गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. त्याने तो डबा उघडायला लावला नाही, तर काळजी करावी.

या यंत्रांत आणखी एक व्यवस्था असते. मधूनच, कोणाच्याही बॅगेत नसलेले पिस्तूल किंवा स्फोटक यंत्र स्वतःच पडद्यावर उमटवते. बसलेल्याने ते ओळखून बटण दाबले की चित्र नाहीसे होते. चुकले तर नोंद होते. दिवसभर एकही खरे शस्त्र न दिसता, नजर ढिली पडू नये म्हणून केलेली ही योजना. ज्या धोक्याची वाट पाहायची तो बहुधा कधीच येत नाही, आणि तरीही तो पुढच्याच बॅगेत आहे असे मानून बसायचे, हे काम किती थकवणारे असेल! त्या खुर्चीवरची माणसे ठरावीक वेळाने बदलावी लागतात. आणि बदलायची तर बदली माणूस जागेवर हवा.

इथेच खरी दुखरी नस आहे. परिवहन, पर्यटन आणि संस्कृती खात्यांसाठीच्या संसदीय स्थायी समितीने मार्च 2025 च्या अहवालात दाखवून दिले की बीकॅसमधल्या मंजूर पदांपैकी एक तृतीयांशाहून अधिक रिकामी आहेत. महासंचालनालयाची गत त्याहून वाईट, तिथे निम्म्याहून अधिक. देशात विमानतळ वाढताहेत, विमाने वाढताहेत, पहिल्यांदा उडणारे प्रवासी वाढताहेत, आणि ज्याने या सगळ्यांची तपासणी करायची त्या विभागात दर तीन खुर्च्यांमागे एक मोकळी! 2020 च्या दुरुस्तीने या विभागाला कायद्याचे अधिष्ठान मिळाले, 1 जानेवारी 2025 पासून 1934 चा जुना विमान कायदा जाऊन भारतीय वायुयान अधिनियम आला. कायदा नवा आणि अंमलबजावणीला माणसे नाहीत, याला काय म्हणावे? मोठ्या शहरांचे काम कसेबसे निभावून जाते. चटका बसतो तो इंदूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा मधल्या फळीतल्या विमानतळांना, जिथे वाढ वेगाची आहे आणि तपासनिसांची फेरी कमी.

धावपट्टीलगत काम करणाऱ्यांचे तर विचारूच नका. सामान चढवणारे, शिडी लावणारे, केबिन झाडणारे, जेवणाच्या ट्रॉल्या ढकलणारे बहुतेक जण कंत्राटी. ठेकेदार बदलला की माणूस बदलतो, नाहीतर तोच माणूस नव्या पासवर परत येतो. पोलीस पडताळणी होते, पास मिळतो, प्रशिक्षणाचा दिवस पार पडतो. पण ज्याला पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याने शेजारच्याच्या वागण्यातली विसंगती हेरून वर कळवावी, ही अपेक्षा कोणत्या बळावर ठेवायची? ‘काश्मीर प्रिन्सेस’चा तो कामगार पैशाला भुलला. आपल्या धावपट्टीवरच्या गरीब, प्रामाणिक माणसांवर संशय घ्यावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. उलट ज्याच्या हाती शेकडो जिवांची किल्ली आहे त्याला महिनाअखेरीची भ्रांत असू नये, हा सुरक्षेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो.

बीकॅसच्या अधिकारांची ताकद गेल्या वर्षी सगळ्यांनी पाहिली. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी देशाच्या उत्तर-पश्चिमेचे 32 विमानतळ बंद झाले आणि सगळीकडे विमानात चढण्यापूर्वी दुसऱ्यांदा झडती घेण्याचा आदेश निघाला. त्याच महिन्यात, 15 मे रोजी बीकॅसने एका तुर्की मालकीच्या ग्राउंड हँडलिंग कंपनीची, सेलेबीची, सुरक्षा मंजुरी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून रद्द केली. मुंबई, दिल्लीसह नऊ विमानतळांवर तिचे काम होते. कंपनी न्यायालयात गेली. जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय उचलून धरला. निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. संकटात राज्याला तातडीने पाऊल उचलावे लागते आणि प्रत्येक कारण चव्हाट्यावर मांडता येत नाही. तरी एवढे नोंदवतो, की ज्या विभागाच्या एका ओळीने हजारो नोकऱ्या इकडच्या तिकडे होतात, त्याचे काम लोकांना याहून अधिक माहीत असले पाहिजे. किती तपासण्या केल्या, किती ठिकाणी उणिवा सापडल्या, त्या किती दिवसांत बुजवल्या, याचा सुरक्षेला बाधा न आणणारा हिशेब वर्षाकाठी संसदेपुढे आणि लोकांपुढे यायला हरकत नाही.

विभाग ताठर आहे, असे म्हणणारे पुष्कळ. काही बाबतीत ते खरेही आहे. नर्तिका सुधा चंद्रन यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये जाहीरपणे सांगितले की विमानतळावर दरवेळी त्यांना कृत्रिम पाय काढून दाखवायला लावतात. सीआयएसएफने त्यांची क्षमा मागितली. त्यांचे नाव मोठे म्हणून ती गोष्ट कानी आली. कृत्रिम अवयव वापरणारी कितीतरी अनाम माणसे हे मुकाट सोसत असतील. स्फोटकांचा माग घेणारी यंत्रे असताना अशा प्रवाशाची अब्रू राखून तपासणी करणे अशक्य नाही. पण हाच विभाग लोकांची श्रद्धाही जाणतो, हेही सांगितले पाहिजे. नारळाचेच घ्या. सुके खोबरे तेलकट असते, पेट घेऊ शकते, म्हणून मार्च 2022 मध्ये ते विमानाच्या पोटातल्या सामानात न्यायला बंदी झाली. आपल्या घरांत ओटी भरलेला नारळ परत ठेवता येत नाही, त्यामुळे कित्येक मायलेकींची विमानतळावर पंचाईत झाली असेल. नारळ हातातल्या सामानातही चालत नसे. मात्र 2024 च्या हंगामात शबरीमलेला जाणाऱ्यांना इरुमुडीतला, म्हणजे पूजासाहित्याच्या गाठोड्यातला, नारळ जवळ बाळगायची मुभा मिळाली, जानेवारी 2025 पर्यंत, क्ष-किरण, स्फोटक-चाचणी आणि हाताने तपासणी या तिन्ही गोष्टी करून. म्हणजे नियमाचे कारण माहीत असले की नियम वाकवायचा कुठवर हेही कळते. ते कारण प्रवाशाला सांगितले, तर तोही ऐकतो. विमानतळावरच्या फलकांवर ‘मनाई’ असते, ‘का’ नसते.

आता आपल्याकडे वळतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पंधरवड्याभरात शेकडो विमानांना बाँबच्या खोट्या धमक्या आल्या. इंदूरच्या विमानतळालाही असे ई-मेल आले आहेत. तपास लागत गेला तसे कळले की यात छत्तीसगढच्या राजनांदगावचा एक अल्पवयीन मुलगा होता, गोंदियाकडचा एक माणूस होता. म्हणजे शत्रू दूर कुठे नव्हता, आपल्याच आळीत मोबाइल हातात घेऊन बसला होता. प्रत्येक धमकीनंतर विमानतळावर धोका मूल्यांकन समिती बसते, धमकीत नेमकेपणा किती आहे हे पाहते. नेमकी वाटली तर विमान वेगळ्या कोपऱ्यात नेतात, प्रवासी उतरतात, एकेक बॅग पुन्हा तपासली जाते. विमानात कोणी आईच्या अंत्यदर्शनाला निघालेला असतो, कोणी शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी. शंभर खोट्या धमक्यांनंतर एकशे एकावी आली की तपासणाऱ्याचाही हात सैल पडण्याचा धोका असतो, आणि तो धोका खऱ्या बाँबइतकाच मोठा. केंद्राने त्यानंतर विमान सुरक्षा नियमांत दुरुस्ती करून दंडाची तरतूद कडक केली. घरातल्या पोराच्या हातातल्या मोबाइलवर लक्ष ठेवणे मात्र कोणत्याही ब्यूरोला जमणार नाही, ते आई-बापांचे काम आहे. आणि रांगेत ‘बॅगेत काय बाँब आहे का?’ असे हसत विचारणाऱ्या काकांनीही जरा जपावे. समोरच्या जवानाला ते हसण्यावारी नेण्याची मुभा नसते.

आपल्या विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे. नावे पुष्कळ ठिकाणी दिली जातात, पण या नावाचा या विषयाशी जितका खरा संबंध आहे तितका क्वचितच कुठल्या नावाचा असेल. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 असा राज्यकारभार केला. माळव्यातून दक्षिणेत उतरणारे घाट तेव्हा वाटसरूंना धोक्याचे होते. डोंगरातले भिल्ल आणि गोंड व्यापाऱ्यांचे तांडे लुटत. 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॉन माल्कमच्या मध्य भारतावरील ग्रंथात बाईंनी यावर काय केले ते नोंदले आहे. आधी सामोपचार करून पाहिला, तो चालेना तेव्हा कठोर शिक्षा केल्या, आणि मग एक करार केला. आपल्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर भिल्ल जी ‘भिलकवडी’ घेत आले होते, तो त्यांचा हक्क मान्य केला. बदल्यात पडीक जमीन कसायची आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर मुद्देमाल शोधून द्यायचा, ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली. ज्याच्या दारातून वाट जाते त्यालाच वाटेचा राखणदार केले, आणि राखण करणाऱ्याच्या पोटाची सोय आधी लावली. नुसता फास दाखवून घाट सुरक्षित होत नाहीत, हे महेश्वरच्या गादीवरून त्यांना उमगले होते. त्यांच्या नावाच्या विमानतळावर शिडी लावणारा पोरगा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असू नये, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला त्या नावानेच दिला आहे.

सप्टेंबर 2024 पासून इंदूरला डिजियात्रा सुरू झाली. चेहरा दाखवला की दार उघडते, रांग लवकर सरकते. त्याचे स्वागत आहे. मात्र त्यात वाचलेला वेळ झडती घेणाऱ्यांच्या वाट्याला यावा. दिवाळीत पहाटेच्या विमानांची गर्दी एकदम लोटते तेव्हा विमान कंपन्यांचे लोक ‘लवकर सोडा’ म्हणून मागे लागतात, प्रवासी घड्याळ दाखवतात, आणि व्हँकूवरच्या त्या खिडकीवर जो दाब होता तोच दाब बिजासनजवळच्या या दाराशी उभ्या असलेल्या मुलीवर येतो. त्या वेळी ‘थांबवले तर चालेल, आम्ही तुझ्या मागे आहोत’ असे सांगणारा वरिष्ठ तिथे हजर हवा. तो बीकॅसचा असेल, सीआयएसएफचा असेल, विमानतळ प्राधिकरणाचा असेल, पण असावा.

पुढची मोठी कसोटी ठरलेली आहे. 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ, 2028 मध्ये उज्जैनचा. ओझर आणि शिर्डीच्या विमानतळांवर आधी, मग इंदूरवर, एरवी न पाहिलेली गर्दी उतरेल. खास विमाने असतील, हेलिकॉप्टरे असतील, मान्यवरांचे ताफे असतील, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेले, नऊवारीतल्या आणि धोतरातले हजारो वृद्ध असतील, ज्यांच्या पिशवीत गंगाजल, तूप, खोबरे, अंगारा आणि औषधांच्या बाटल्या एकत्र असतील. त्यांना मराठीत, हिंदीत, गुजरातीत समजावून सांगणारी माणसे लागतील. झडतीच्या पडद्याआड आजीला आदराने हाताळणाऱ्या महिला जवान पुरेशा लागतील. तात्पुरते सफाईवाले आणि हमाल शेकड्याने घ्यावे लागतील, आणि त्या घाईत प्रत्येकाची पडताळणी खरी झाली पाहिजे. भरतीची जाहिरात, परीक्षा, पोलीस पडताळणी, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांना लागणारा वेळ मोजला, तर ओझरसाठी उशीर झालाच आहे. उज्जैनच्या सिंहस्थासाठी इंदूरच्या यंत्रांपुढे बसणारी माणसे निवडायला केंद्र सरकारने याच महिन्यात सुरुवात करावी आणि बीकॅसच्या रिकाम्या जागा कोणत्या तारखेपर्यंत भरणार, ते संसदेच्या हिवाळी अधिवेशनात सांगावे.